साडेचौतीसचे चौतीस

आमच्या ताईला हल्ली कधीही विचारा, "कशी आहेस?" उत्तर ठरलेलं. "आहे." एवढं म्हणायलाही ती आधी खुर्चीला टेकते. नर्सिंग शिकवणाऱ्या एका संस्थेच्या परीक्षा विभागात ती प्रोग्रामर आहे. खोलीला खिडकी एकच, तीही जिन्यात उघडणारी. निकाल लावणारा प्रोग्रॅम तिनेच तरुणपणी पीएचपी भाषेत लिहिला होता. यंदा साहेबांनी फर्मान काढलं की सगळं पायथन भाषेत हवं. "नुसतं इकडचं तिकडे तर करायचंय," म्हणाले. साहेबांचं काय जातं बोलायला!

ताई मानेला पट्टा बांधून बसली. गणिताची जी फंक्शनं दोन्ही भाषांत आयती मिळतात, ती तिने शेजारी शेजारी ठेवून पडताळली. वर्गमूळ एकीत थेट मिळतं, दुसरीत आधी मागवून घ्यावं लागतं. उणे सातला तीनने भागलं तर बाकी एकीत उणे एक, दुसरीत दोन. असल्या जागी तिने डोळ्यांत तेल घालून पाहिलं. 'राऊंड' मात्र दोन्हीकडे त्याच नावाचं, अपूर्णांकाचा पूर्णांक करणारं. त्यात काय बघायचं? जीव मेटाकुटीला आला होता, ती पुढे गेली.

निकाल लागला आणि तिचीच मुलगी, त्याच संस्थेत शिकणारी आमची बबडी, एका विषयात चौतीस गुणांवर नापास झाली. पास व्हायला पस्तीस लागतात. हॉस्पिटलातली नोकरी हातातोंडाशी आली होती, ती लटकली.

"आई, पेपर चांगला गेला होता गं. एकदा बघ ना."

"प्रोग्रॅम मी लिहिलाय. तो कुणाचं तोंड बघून गुण देत नाही."

"अगं, बघायला काय हरकत आहे?" मी मध्ये पडले.

"आई आत बसलीय म्हणून पोरगी पास झाली, असं म्हणायला लोक टपलेत. तू नको शिकवूस मला."

मला भयंकर राग आला. बबडीने आईशी बोलणंच टाकलं. घरात नुसता भांड्यांचा आवाज.

मग एक दिवस एक ड्रायव्हर ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. "मॅडम, पोराचा निकाल जरा बघता का? तो जेवत नाहीये."

वाद घालायचं त्राण नव्हतं म्हणून ताईने बघितलं. पोराचे गुण साडेचौतीस, निकालात चौतीस. संस्थेच्या नियमाने अर्धा गुण वर जातो. जुनी भाषा तेच करायची. पायथनचा राऊंड बरोबर अर्ध्यावरची संख्या जवळच्या सम संख्येकडे नेतो, म्हणून साडेपस्तीसचे छत्तीस होतात, पण साडेचौतीसचे चौतीस.

ताईने तिथल्या तिथे साहेबांना चूक सांगितली, बोलणी खाल्ली, निकाल पुन्हा लावला. ड्रायव्हरचा पोरगा पास झाला. बबडीही झाली, तिचेही साडेचौतीसच होते. हॉस्पिटलातली जागा मात्र तोवर भरली होती.

संध्याकाळी ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "बबडे, चूक माझी होती. तू पास आहेस."

बबडी ताटं पुसत होती. "कळलं कसं?"

ताईने ड्रायव्हरचं सांगितलं.

"म्हणजे त्यांनी म्हटल्यावर बघितलंस," बबडी म्हणाली आणि पुढचं ताट उचललं.