कडुलिंबाच्या पाल्यातल्या फ्लॉप्या

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांइतका सावध माणूस बारामतीपासून इंदापुरापर्यंत झाला नाही, आणि इंदापूरच्या पुढचंही मी छातीठोक सांगायला तयार आहे. सगळे त्यांना तात्या म्हणत. नवं घ्यायला तात्या सगळ्यांच्या पुढं, पण जुनं सोडायचं नाव नको. मोपेड घेतली तेव्हा सहा महिने ते आपल्या गावाहून, कळंबहून, बारामतीला मोपेडवर यायचे आणि त्यांची सायकल एसटीच्या टपावरून मागून यायची. मिशी काढली, तर न्हाव्याकडून केस पुडीत बांधून घेतले. म्हणाले, "न्हाय शोभलं तर?" त्यांचे वडील मेंढरं राखायचे, नवी वाट धरावी, पण जुन्या वाटेवरचा पाणवठा विसरू नये, ही म्हणे त्यांची शिकवण.

अशा माणसानं नव्वदच्या दशकात बारामतीच्या स्टँडजवळ मराठी टायपिंगसाठी कॉम्प्युटर मांडला, आणि मला हाताखाली घेतलं. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली की पुण्याचा माणूस ती भरून द्यायचा आणि जुन्या फ्लॉप्या टाकून द्या म्हणायचा. तात्या मान डोलवायचे, अन् त्या घरी नेऊन ज्वारीच्या बियाण्याशेजारी, पत्र्याच्या डब्यात कडुलिंबाचा पाला घालून ठेवायचे. दर दिवाळीनंतर पाला बदलायचा. फ्लॉपीला कीड लागत नाही, असं मी एकदा सांगून पाहिलं. "पाला हाय म्हणूनच लागली न्हाय," तात्या म्हणाले.

एका सुस्तावलेल्या दुपारी लासुर्ण्याचे एक गुरुजी फ्लॉपी घेऊन आले. दोन वर्षांपूर्वी आईच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी तात्यांकडूनच टाइप करून घेतल्या होत्या. छापायचं पुढं बघू म्हणून राहिलं. मधल्या काळात आई गेली, ओव्यांची वही वाळवीनं खाल्ली. तात्यांनी फ्लॉपी नव्या आवृत्तीत उघडली, तर पडद्यावर नुसता चिवडा. काने एकीकडं, मात्रा दुसरीकडं, मधेमधे चौकोनांचे शेंगदाणे.

गुरुजी हळूच म्हणाले, "तात्या, आईचा फोटोबी न्हाय वो माझ्याकडं. एवढंच हाय."

दुसऱ्या दिवशी तात्या डबा काखेत घेऊन आले. नवी आवृत्ती मशीनमधून काढली, जुनीच्या फ्लॉप्या एकेक करून भरायला घेतल्या. तिसरी अडकली. मशीन कण्हायला लागलं, गुरुजींनी डोळे मिटले. तात्यांनी फ्लॉपी काढून झटकली, तर आतून कडुलिंबाची सुकी काडी पडली. माझ्याकडं न बघता त्यांनी ती खिशात टाकली.

मग गुरुजींची फ्लॉपी घातली, आणि पडद्यावर ओव्या उगवल्या, काना-मात्रेसकट. गुरुजी त्या वाचेनात. आईच्या चालीवर गुणगुणायला लागले. तात्यांनी उठून पंखा बंद केला. खोटं सांगत नाही, स्टँडवरच्या गाड्याही तेवढा वेळ सुटल्या नाहीत. त्या बिनवाऱ्याच्या उकाड्यात कुणीतरी पहाटे दळत बसल्यासारखं वाटत होतं.

तात्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली. डबा बहिणीनं मला दिला. फ्लॉपी आत घालायला खाच असलेला कॉम्प्युटर आमच्या पंचक्रोशीत उरलेला नाही. तरी दिवाळी झाली की मी पाला बदलतो. तेव्हा तळाशी एक कागदाची पुडी हाताला लागते, अगदी हलकी. ती मी उघडून बघत नाही. ताज्या पाल्याखाली सारून ठेवतो.