तिसऱ्या खेपेची परीक्षा

आमचे यजमान रत्नागिरीच्या कचेरीत कारकून होते आणि खात्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाले होते. तिसऱ्यांदा नापास झाले तर अव्वल कारकुनी कायमची बंद, म्हणून या खेपेला मी लक्ष घातले.

"दुसऱ्या वेळी अडलं कुठे?" मी कुळीथ निवडता निवडता विचारले.

"एका बाबीखालची मंजूर रक्कम संपली, दुसरीखाली शिल्लक आहे, तर काय करावं, असा प्रश्न होता."

"काय लिहिलंत?"

"शिलकीतून खर्च भागवावा, साहेबांच्या कानावर घालावं, कागद मागाहून करावा."

"पुस्तकात असंच आहे?"

"पुस्तकात आधी वरची मंजुरी आणावी असं आहे. पण तसं कोणी करत नाही गो!"

"करत नाहीत म्हणून तर विचारतात!"

माणूस खोटे लिहीत नसे, हीच अडचण होती. हाताखालचा माणूस दिरंगाई करत असेल तर काय करावे, असाही एक प्रश्न होता. पुस्तक म्हणते, लेखी समज द्यावी. यांनी लिहिले होते, 'घरी कोणी आजारी आहे का ते चहा पाजून विचारावे.' आता या उत्तराला गुण कोण देणार?

पुस्तक इंग्रजी. हे वाचून अर्थ सांगत आणि मी तो मराठीत उतरवून घेई. मग रोज तिन्हीसांजेपर्यंत उलटतपासणी. यांनी 'खरं म्हणजे' असे म्हटले की पुढचे उत्तर चुकणार हे मला कळे. मी तिथेच थांबवी. "खरं नको. पुस्तकातलं सांगा."

पास झाले. वरची जागाही मिळाली. पण औषध जरा जास्त झाले होते.

त्या वैशाखात कचेरीच्या विहिरीचा दोर तुटला. एरवी शिपाई बाजारात जाऊन अर्ध्या तासात नवा घेऊन आला असता. यांनी मंजुरीसाठी वर कागद पाठवला. आठ दिवसांनी तो परत आला: जुना दोर किती वर्षांचा होता, कोणाच्या हातून तुटला, त्याचा खुलासा करावा. खुलासा गेला. तोवर सगळी कचेरी पाण्याला आमच्या परसातल्या विहिरीवर. कारकून आले, मिरजोळ्याहून अर्ज घेऊन आलेली माणसे आली, एकदा तर खुद्द साहेबांचा तांब्या आला.

पंधराव्या दिवशी म्हाताऱ्या शिपायाने घागर खाली ठेवली आणि कपाळ पुसले.

"वयनी, भाऊसाहेब नापास होते तवाच बरा होता. आता काय करता येल काय?"

"आता काही नाही. पास झाल्याचा कागद हातात आलाय," मी म्हटले. "आणि हे पाहा, आमचाही दोर झिजत आलाय. तेवढं त्यांना सांगू नका, चौकशी लावतील."