परीक्षकाचं नाव सांगायचं नसतं

किस्से कोणी मुद्दाम जमा करत नाही. आमच्या ऑफिसात नाकारलेले लेख कपाटावर साचतात, तसे ते साचत जातात. एकावर एक ठेवत जायचं, आणि एखाद्या दिवशी कोणी पंखा लावला की सगळे अंगावर! भोकरदनच्या कॉलेजातून भौतिक रसायनशास्त्राचं एक इंग्रजी त्रैमासिक निघतं, तिथं मी टायपिस्ट आहे. नावाला टायपिस्ट. लेखकांना पत्रं, आलेखांवर शाई, प्रुफं घेऊन जालन्याची एसटी, आणि तो पंखा बंद करणं, सगळं माझ्याकडेच. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून हे लिहून सांगतो. तुम्ही निवांत बसा. मीही जरा टेकतो.

आमचं काम सांगायला सोपं आहे. देशभरातून लेख येतात. संपादक देऊळगावकर सर ते त्या विषयातल्या जाणकाराकडे तपासायला पाठवतात. त्याला परीक्षक म्हणायचं. परीक्षक कोण, हे लेखकाला कळू द्यायचं नाही. आणि परीक्षकानंही आपल्याकडे कोणता लेख आलाय, हे कुठे बोलायचं नाही. सर देवळात जात नाहीत. पण हा एक नियम देवाधर्मासारखा पाळतात.

*

मी नववीत शाळा सोडली. जालन्याला टायपिंग शिकलो आणि इथं मुलाखतीला आलो. सरांनी एक पान पुढे टाकलं. निम्मं इंग्रजी, निम्मी गणितं, मधे मधे कधी न पाहिलेली चिन्हं. मी जमेल तेवढं टाईप केलं आणि उरलेल्या जागा कोऱ्या सोडल्या.

सरांनी पान उजेडात धरलं. "ह्या जागा रिकाम्या का?"

माझे कान तापले. "सर, ते मशीनवर न्हाई."

"मंग?"

"मंग... पेनानं काढावं लागेल. पण मला समजल्याशिवाय कसं काढू?"

सर म्हणाले, "उद्यापासून ये. आधीचा टायपिस्ट मशीनवर जे असेल ते दाबायचा!"

*

ऑफिसच्या समोरच प्रयोगशाळा. तिथं साळवे सर. हसनाबादकडचे, वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतावर राबलेले. साळवे सर कॉलेजात शिकवतात, पण दरवर्षी जूनमधे नव्यानं नेमणूक. यंदाच्या जूनमधे कायम जागेचा इंटरव्ह्यू होता. कमिटीनं आधीच सांगितलं होतं, छोटी टिपणं चालणार नाहीत, एक पूर्ण लेख स्वीकारलेला दाखवा. तर त्यांनी लेख लिहिला, मीच टाईप केला, आणि आमच्याच त्रैमासिकाला दिला. विषय, दोन द्रव एकात एक मिसळले की ते किती घट्टपणे वाहतात, त्याची मोजमापं.

तेव्हापासून रोज दुपारी ते माझ्या दारात उभे.

"पोस्ट आलं का रे बबन?"

"आलं सर. तुमचं काही न्हाई."

"मी माझं कुठं विचारलं? चाललो होतो इकडून, म्हणून म्हटलं."

आमच्या दाराच्या पुढे भिंत आहे. इकडून कुठेच जाता येत नाही!

*

परीक्षक लेख अडकवून ठेवतात, हे आमचं जुनं दुखणं. त्यांना आठवणीची पत्रं जातात. पहिल्यात 'विनंती', दुसऱ्यात 'नम्र विनंती', तिसऱ्यात 'अत्यंत नम्र विनंती'. सर जितके चिडलेले, तितकं पत्र नम्र. मी नुसतं पत्र टाईप करताना सांगू शकतो, आज सरांच्या केबिनमधे जावं की नाही.

एका मोठ्या शहरातल्या परीक्षकानं एक लेख असाच ठेवून घेतला. दोन पावसाळे गेले. नम्रतेचे सगळे शब्द संपले. त्या लेखाचा लेखक बिचारा दर महिन्याला कार्ड टाकायचा, नंतर त्यानंही सोडलं. शेवटी एकदाचा त्या परीक्षकाचा अभिप्राय आला. एकच ओळ.

"लेखातील माहिती जुनी झाली आहे. नाकारावा."

सर त्या दिवशी जेवायला घरी गेलेच नाहीत.

*

काही लेखक आधीच कळवतात, माझा लेख अमक्याकडे पाठवू नका, त्याचं माझं पटत नाही. सर ते मानतात. एकदा असंच एक पत्र आलं. मी ते नाव वाचलं, लेखाचं पहिलं पान काढलं, पुन्हा पत्र वाचलं. सरांकडे गेलो.

"सर, काहीतरी चूक झाली. ज्यांच्याकडं पाठवू नका म्हणतात, ते तर ह्याच लेखाचे दुसरे लेखक!"

सरांनी मान वरसुद्धा केली नाही.

"चूक न्हाई. लेखात कुठं खोट आहे, ते त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार?"

*

आलेख गिरवणं हे माझं आवडतं काम. लेखकानं पेन्सिलनं काढून पाठवलेलं असतं, मी ट्रेसिंग पेपर ठेवून काळी शाई फिरवतो. एक प्राध्यापक थेट दोन गाड्या बदलून आले. घामाघूम. माझ्याच टेबलाशी बसले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, माझ्या आलेखात एक ठिपका रेषेच्या फार खाली गेलाय. बाकीचे सगळे कसे बराबर रेषेवर आहेत. शाई मारताना तेवढा राहून गेला तर?"

मी ट्रेसिंग पेपरची घडी घालायला लागलो. तेवढ्यात मागून सर आले. त्यांनी सगळं ऐकलेलं.

"तो ठिपका तुम्हीच मोजला ना?"

"हो. म्हणजे, मोजला मीच."

"मंग राहू द्या. साऱ्या आलेखात तेवढाच मोजल्यासारखा वाटतो!"

*

छपाई जालन्याला. तिथं खलीलभाई कंपोझिटर. अक्षराचा एकेक खिळा चिमट्यानं उचलून ओळी जुळवायच्या, त्याही इंग्रजी, त्यात ग्रीक अक्षरं. चाळीस वर्षांचा माणूस, पण खिळे बघून बघून डोळे सत्तर वर्षांचे झालेत, असं तो स्वतःच सांगतो.

द्रवाच्या घट्टपणाला आमच्यात एक ग्रीक अक्षर वापरतात. एका अंकात त्याच विषयाचे तीन लेख आले. मी प्रुफं आणायला गेलो, तर खलीलभाई पानपट्टीवर उभा.

"काय खलीलभाई, काम बंद?"

"बिलकुल बंद! तुमचं ते शेपटीवालं अक्षर खतम झालं. अख्ख्या जालन्यात न्हाई. पहिला लेख पुरा, दुसरा पुरा, तिसऱ्यात दीड पानावर माल संपला."

"मंग आता?"

"आता काय, सरला विचार. इथपर्यंत घट्ट होतं, इथून पुढं पातळ केलं तर चालतं का!"

मी हा निरोप सरांना जसाच्या तसा सांगितला. मला विनोद सांगता येत नाही, त्यामुळे सरांना तो खरोखरचा प्रश्न वाटला. त्यांनी अर्धा तास मला समजावून सांगितलं, की असं का चालत नाही.

*

दिवाळीत घरी गेलो, तर वडिलांनी विचारलं, "इतका शीण करून राह्यला, ते वाचतं कोण?"

मी म्हणालो, "आधी सर वाचतात. मंग परीक्षक वाचतो. मंग मी टाईप करताना वाचतो. मंग प्रुफाला परत सगळे वाचतात."

"आन् छापल्यावर?"

मी करंजी तोंडात टाकली.

वडील म्हणाले, "मंजी लग्नाच्या पत्रिकेवानी हाय. छापून हाती येईस्तोवरच सगळे वाचतेत."

परत येताना एसटीत केदारखेड्यापर्यंत मी ह्याचाच विचार करत होतो. त्यानंतर झोप लागली.

*

आता साळवे सरांच्या लेखाचं सांगतो.

लेख आपल्याच कॉलेजातला, म्हणून देऊळगावकर सरांनी त्याला हात लावायचं नाकारलं. "मी हो म्हटलं तर लोक म्हणतील, घरचा म्हणून घेतला. न्हाई म्हटलं तर म्हणतील, मुद्दाम पाडला." त्यांनी लेखाचं पहिलं पान, ज्यावर नाव आणि कॉलेजचा पत्ता होता, ते काढून घेतलं. उरलेला लेख नागपूरला त्यांच्या म्हाताऱ्या गुरुजींकडे पाठवला. सोबत लिहिलं, लेख कुणाचा ते विचारू नका. परीक्षक तुम्हीच निवडा, निर्णय तुम्हीच द्या, परीक्षकाचं नाव मलाही सांगू नका. इतका चोख न्याय आमच्या ऑफिसात कधी झाला नव्हता.

गुरुजी वयस्क पण कामसू. त्यांनी आमचेच जुने अंक काढले आणि ह्या विषयावर देशात कोणी काम केलंय का, ते पाहिलं. एकच नाव सापडलं. साळवे नावाच्या कोणा प्राध्यापकाचं एक छोटं टिपण होतं.

होळीनंतर नागपूरहून साळवे सरांच्या नावे जाड पाकीट आलं. मीच सही करून घेतलं आणि त्यांना नेऊन दिलं. त्यांनी ते प्रयोगशाळेत उभ्यानंच फोडलं, एक पान पाहिलं आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी ते सरांकडे आले. मी शेजारीच टाईप करत होतो.

"सर, एक लेख आलाय माझ्याकडं तपासायला. मला वाटतं, मी तो तपासू न्हाई."

"का?"

"तसं... योग्य न्हाई वाटत."

"कुणाचा आहे?"

"ते सांगता येत न्हाई सर. नियम हाय."

"बराबर. विषय तुमचाच आहे ना?"

"विषय माझाच हाय."

"मंग दुसरा कोण करणार? तुमचं स्वतःचं कुठंतरी कोणीतरी तपासतच असेल ना! साळवे, टाळाटाळ करू नका. असेच लोक लेख अडकवून ठेवतात आणि मला नम्र पत्रं लिहावी लागतात!"

साळवे सर "जी" म्हणाले आणि गेले. मला तेव्हा काहीच कळलं नाही. एवढंच दिसलं, की त्या दिवसापासून ते पोस्टाची चौकशी करायला दारात आले नाहीत.

मे महिना लागला. नागपूरहून गुरुजींचं पाकीट आलं. आत परीक्षकाचा हातानं लिहिलेला अभिप्राय, आणि गुरुजींची एक ओळ, 'परीक्षकाचे म्हणणे रास्त आहे, तसे करावे.' अभिप्राय आम्ही लेखकाला कधी मूळ हस्ताक्षरात देत नाही. मी तो नव्यानं टाईप करतो, खाली नाव नसतं.

सरांनी ते कागद वाचले. बराच वेळ वाचले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कागद माझ्याकडे सरकवले.

मी पहिली ओळ पाहिली. ते अक्षर मी रोज प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर पाहतो.

लिहिलं होतं, की पंचवीस अंश तापमानाची मोजमापं विश्वास ठेवण्यासारखी नाहीत. ती उन्हाळ्यात, पाण्यात बर्फ टाकून घेतलेली असावीत, आणि तसं केल्यानं तापमान एका जागी राहत नाही. निष्काळजीपणा झाला आहे. घाई झालेली दिसते. ही सगळी मोजमापं हिवाळ्यात नव्यानं घ्यावीत, तोपर्यंत लेख स्वीकारू नये.

लेखात बर्फाचा कुठेही उल्लेख नव्हता. लेख मीच टाईप केलेला. बर्फाची लादी मात्र गेल्या मेमधे भुशात गुंडाळून मी आणि साळवे सरांनीच आइसकांडीच्या कारखान्यातून आणली होती. आमच्या खोलीत मेमधे बेचाळीस अंश असतात आणि साळवे सरांचं यंत्र पाणी तापवू शकतं, थंड करू शकत नाही.

"सर," मी म्हणालो, "हे अक्षर..."

"अक्षर ओळखू येऊ न्हाई, म्हणून तर आपण टाईप करतो."

"पण सर, इंटरव्ह्यू जूनमधे हाय. हिवाळा म्हणजे..."

"हिवाळा कधी येतो ते मला माहीत आहे, बबन. टाईप कर."

मी टाईप केलं. एकही चूक झाली नाही, एरवी दोन-तीन तरी होतात. खाली नाव नाही. पाकिटावर लिहिलं, 'प्रा. साळवे यांस', आणि व्हरांडा ओलांडून घेऊन गेलो.

साळवे सर फळ्यासाठी खडू निवडत होते. हात पुसून त्यांनी पाकीट घेतलं, कडेनं नीट फाडलं आणि वाचायला लागले. पहिल्यांदाच वाचत असल्यासारखं, सावकाश, प्रत्येक ओळ. मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत उभा.

शेवटी माझ्याच तोंडून निघालं, "पटलं का सर?"

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"मुद्दा बराबर हाय त्याचा," साळवे सर म्हणाले. "पण माणसानं इतकं कडक लिहू न्हाई रे."

तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि ते खडू घेऊन वर्गावर गेले.