वेसाव्याच्या वाळूत बसलेली कुसुम

कॉलेजातली मैत्रीण कुसुम गेली त्या वर्षी माझी पूजा नुसती हातांनी चालू राहिली. स्तोत्र तोंडात येत होते, फुले वाहिली जात होती; मन मात्र देवासमोरून केव्हाच उठून गेले होते. जिने कुणाचे वाईट चिंतले नाही, तिला तिशी ओलांडताच असा जीवघेणा आजार का, हा एकच प्रश्न मी विचारत होते आणि उत्तर येत नव्हते. गंमत म्हणजे कुसुम स्वतः देव मानत नसे. कॉलेजात असताना माझा गुरुवारचा उपास असला की ती मुद्दाम समोर बसून बटाटेवडा खाई आणि म्हणे, "तुझ्या दत्ताला सांग, हे पाप माझ्या नावावर घाल."

आमचे कॉलेज पार्ल्याचे. दर हिवाळ्यात तिथे माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरे आणि त्या वर्षात निवर्तलेल्यांच्या आठवणी सांगितल्या जात. कुणाला पदक मिळालेले असे, कुणी बँकेत साहेब झालेला असे. मग थोडी शांतता आणि चहा. या खेपेस कुसुमबद्दल मी बोलावे असे ठरले. तिच्या आईंना सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "तू बोल गं. पण मला नको बोलावू. माझ्याच्यानं ऐकवणार नाही."

मी उभी राहिले. तिचे संस्कृतचे बक्षीस सांगितले, बॅडमिंटन सांगितले, पुढे ती वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या शाळेत शिक्षिका झाली हे सांगितले आणि तिथेच माझे शब्द संपले. आत काही उरलेच नव्हते. सगळे माझ्याकडे पाहत होते. मनात एवढेच आले: दत्ता, मला जमत नाही, आता तुझे तू बघ.

"मी बोलू का?" मागून आवाज आला.

दाराशी एक कोळीण उभी होती. साधारण माझ्याच वयाची. अध्यक्ष गोंधळले, मी बाजूला झाले. ती पुढे आली, पण माइकपाशी गेली नाही.

"मी वेसाव्याची. माझी पोरगी कुसुमबाईंच्या वर्गात व्हती. वादळात माझ्या घरवाल्याची होडी परत आली नाय. मी किनाऱ्यावर बसून ऱ्हायले. जो तो येऊन सांगून गेला, घरी चल, एकवीरा आई बघून घेईल. शाळा सुटल्यावर बाई आल्या नि माझ्या बाजूला वाळूत बसल्या. मी विचारलं, बाई, येईल ना तो? तर म्हणाल्या, मला ठाऊक नाही. पण तू उठेपर्यंत मी उठणार नाही."

तिने पदराने कपाळ टिपले.

"तो नाय आला. भरतीचं पाणी आमच्या अंगाखाली आलं. बाई उठल्या नाय."

एवढे बोलून ती मागे गेली. पुढचे आभाराचे भाषण कुणी केले, मला आठवत नाही. फाटकापाशी मी तिला गाठले आणि ती इथे कशी आली ते विचारले.

"बाईंच्या आईकडं म्हावरं घालते मी, ताजी मासळी. त्याच बोलल्या, माझ्यानं जाववत नाय, तू जाऊन ऐकून ये. ऐकायलाच आले व्हते. तुम्ही मधीच गप झाल्या, म्हणून बोलले."

आम्ही दोघी तशाच कुसुमच्या घरी गेलो. तिने आईंना सगळे पुन्हा सांगितले. त्यांना यातले काही माहीत नव्हते; कुसुम कधी बोलली नव्हती आणि कोळणीला वाटले होते, त्यांना ठाऊकच असेल. मग म्हणाल्या, "नवी साडी खाऱ्या पाण्यात भिजवून आली होती, म्हणून मी किती बोलले तिला. हसली नुसती." आणि कुसुम गेल्यापासून प्रथमच, कोळणीचा हात धरून, त्या मोकळेपणी रडल्या.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. आता मी ते मागतही नाही. माझे बोलणे तिथेच का थांबले, याचाही शोध घेत नाही. सकाळी देवासमोर बसते. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणते आणि बसून राहते. हे मला देव न मानणाऱ्या मैत्रिणीकडून मिळाले. ज्याने ते कोळणीच्या तोंडून माझ्यापर्यंत पोचवले, त्या दत्ताला माझा नमस्कार.