पोटरीवरचा हात

मी अन् माझ्या बायकोनं सोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे गाडी पाहणं. वर्ध्याले जुन्या गाड्यांचं शोरूम आहे, तिथं गेलतो. दोन सीटची, बुटकी, पळणारी गाडी तिलेच पाहिजे होती. जन्मभर मी हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगचा ट्रक चालवला. घरच्या जीपमध्ये कुठंही निघालो की मागं माझी बहीण, भाचे, कोणाचा तरी पाहुणा. ती म्हणे, "मागं सीटच नसलेली गाडी घ्या. मंग पाहू कोण बसते."

शोरूमवाल्यानं विचारलं, "आजोबा, नातवासाठी का?"

"काऊन? नातवालेच पाय असतात का?" ती म्हणाली.

तो ऑटोमॅटिक दाखवून राह्यला. ती म्हणाली, "क्लच नसन तं हा माणूस स्टेअरिंगवर झोपून जाईन."

माझ्या डाव्या पोटरीले रोज रात्री जवसाचं तेल तीच चोळे. ट्रकचा क्लच किती जड, हे मी कधी सांगितलं नाई. तिच्या हाताले समजे.

मी लाल गाडीत बसलो. ती दाराशी उकिडवी बसली, माझ्या उजव्या पायाखालून हात घालून डावी पोटरी धरली.

"दाबा. सोडा." पोटरी दगडासारखी झाली. "उतरा. हा क्लच पाय खाते."

मग निळी. क्लच लोण्यासारखा खाली गेला, अर्ध्यावर नीट पकडला, झटका नाई. तिनं दोनदा दाबायले लावला. "ही घेऊ."

"आजी, बाजूच्या सीटवर बसून पाहा ना."

"आज पाय धुळीचे आहे. उद्या चांगलं लुगडं नेसून बसीन."

शोरूमवाला म्हणाला, उद्या दहा वाजता गाडी घरी आणतो, एक चक्कर मारा.

सकाळी मी चहा ठेवला. ती उठलीच नाई.

दहाले तो गाडी घेऊन आला. त्याले फोन करायचं मले सुचलंच नव्हतं. अंगणातले लोक पाहून बिचारा गाडी मागं घेऊन राह्यला. म्हटलं, थांब. मी डाव्या सीटवर बसलो. ड्रायव्हर माणूस, त्या बाजूले कधी बसलो नव्हतो. पायाखाली ना क्लच, ना ब्रेक. पाय पसरून बसलो. सीट चांगली होती. तिले आवडली असती.

"घेऊन जाय बाबू," म्हटलं. "ही दोघांची गाडी आहे."

आत आलो. बाया म्हणाल्या, आम्ही करतो सगळं. म्हटलं, सरका. जवसाच्या तेलाची बाटली घेतली अन् तिच्या पोटऱ्यांले चोळत बसलो.