बस्त्याची घंटा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. माझं माहेर अकोल्याचं. वडील शाळेत सायन्स शिकवायचे. शेजारी कुणाच्या अंगात आलं असं कानावर आलं की ते आधी थर्मामीटर शोधायचे! या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, नवऱ्याला वाचून दाखवते आणि आम्ही दोघं हसतो. पण एक गोष्ट अशी आहे की तिच्यावर आमच्या घरात कुणी हसत नाही. आजवर घराबाहेर फारशी सांगितलीही नाही.

अमरावतीला, जवाहर गेटच्या आत, माझ्या सासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं. नाव मुद्दाम लिहीत नाही, जुन्या लोकांना कळेलच. इमारत तीन मजली. खाली टॉवेल, चादरी, होजिअरी, शाळेचे युनिफॉर्म. मधल्या मजल्यावर सूटिंग-शर्टिंग. आणि सगळ्यात वर साड्या आणि बस्त्याची भलीमोठी पांढरी गादी. बस्ता म्हणजे लग्नाचं सगळं कापड एकाच दुकानात, एकाच बैठकीत घ्यायचं. नवरीच्या शालूपासून मामाच्या धोतरापर्यंत. अचलपूर-परतवाड्याहून माणसं एसटी करून आमच्याकडे बस्त्याला यायची आणि दुपारची शिदोरीसुद्धा त्या गादीवरच सोडायची.

आमच्या दुकानाची एक पद्धत होती. सासरे - आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो - खाली दाराजवळ बसायचे. त्यांच्या उजव्या हाताशी काथ्याचा एक दोर लोंबायचा. तो छतातल्या भोकांतून थेट वरच्या मजल्यापर्यंत गेलेला, आणि त्याच्या टोकाला पितळी घंटा. बस्त्याची पार्टी दारात आली की बाबा दोर ओढायचे. एक जोरात, मागोमाग एक हलका. घंटा झाली की वरचे सगळे खाली उतरून दाराशी यायचे, पार्टीला घ्यायला. वर आधीच दुसरी पार्टी बसलेली असली तरी तिनेही उतरायचं. मग दोन्ही घरच्या बायका एकमेकींना हळदीकुंकू लावायच्या. मुसलमान घरचा बस्ता असला तर कुंकवाऐवजी अत्तर. "बस्ता दारात आला का वरतं कोणी राह्यलं नाई पायजे," हे बाबांचं वाक्य नोकरांना पाठ होतं. मी नवी नवी असताना मला ते सगळं नाटकी वाटायचं. दिवसातून किती वेळा जिना चढायचा-उतरायचा माणसाने! पण पुढेपुढे अंगवळणी पडलं. घंटा झाली की पाय आपोआप उठायचे.

मग ती वाईट वर्षं आली. कापसाला भाव नाही, पाऊस नाही. लग्नं पुढे ढकलली जायची, नाहीतर सामूहिक मंडपात उरकायची. तिथे नवरीला साडी आयोजकच देत, मग बस्ता कशाला लागतो? त्यातच बडनेरा रोडला काचेचा मॉल उघडला. सरकता जिना बघायलाच निम्मं शहर तिकडे जायचं. आमचे सेल्समनही एकेक करून तिकडे गेले, गळ्यात ओळखपत्र लटकवून. त्यातला एक मला तिथे भेटला तर म्हणाला, "हॅलो मॅम." इतकी वर्षं वहिनी म्हणणारा माणूस! राग आला मला. अजून येतो.

आमच्याकडे माल पडून राहू लागला. गादीच्या बरोबर वर एक लाकडी माळा होता. न खपलेल्या साड्यांचे गठ्ठे, सफारीचे ताके, जुन्या फॅशनचे ब्लाऊजपीस, सगळं बाबा त्या माळ्यावर चढवायचे. मी म्हणायची, "बाबा, काढून टाकू या ना स्वस्तात." ते म्हणायचे, "निघते पुढच्या सीझनले. कापड काय नासते?" पुढचा सीझन काही आला नाही. माळा मात्र भरत गेला.

एक वेळ अशी आली की वरचा मजलाच बंद करावा लागला. बाबांनी घंटा उतरवली आणि वलगावच्या एका देवळाला देऊन टाकली, कारण आमचं जुनं गिऱ्हाईक त्या बाजूचं जास्त. दोर काढला, छतातली भोकं सिमेंटने बुजवली. त्या रात्री ते जेवले नाहीत. त्यानंतर वर्षभरातच त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तरी रोज दुकानात यायचं म्हणजे यायचंच. नाही नेलं तर डाव्या हाताने ताट सरकवून द्यायचे. मग आम्ही त्यांना रिक्षातून आणून खाली गादीवर लोडाला टेकवून बसवायचो. उजवा हात उशीवर ठेवायचो. ठेवला तसाच राहायचा तो. फिजिओथेरपीवाला त्या हातात रबरी चेंडू द्यायचा, बोटं मिटायचीच नाहीत, चेंडू घरंगळून खाली जायचा.

शेवटी दुकान बंद करायचं ठरलं. क्लिअरन्स सेलचा बोर्ड लावला आणि साड्या वरच होत्या म्हणून वरचा मजला पुन्हा उघडला. आता त्या दिवसाचं सांगते.

मे महिना. आमचे हे उरलेला माल ठोक घेणारा व्यापारी बघायला अकोल्याला गेले होते. दुकानात मी, खाली बाबा, शेवटपर्यंत न सोडून गेलेले रशीदभाई, आणि माझी मुलगी चिऊ. चार वर्षांची. घरी ठेवायला कुणी नाही म्हणून रोज सोबत यायची. रशीदभाई साडी स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवायचे, आणि नवरीपेक्षा त्यांनाच जास्त शोभायची, अशी आम्ही त्यांची थट्टा करायचो. त्या दिवसांत थट्टा करायलाही कुणाला सुचत नव्हतं.

दुपारी वलगावच्या सरूबाई आल्या. फुलांचा मळा होता त्यांचा. झेंडू-शेवंती घेऊन अमरावतीच्या बाजारात बसायच्या. सोबत सून आणि नात. नात म्हणजेच नवरी. सरूबाईंचे गुडघे गेलेले, तरी भिंत धरधरून वर चढल्या आणि गादीवर टेकल्या.

"पोट्टी म्हणे मॉलमदी जाऊ," त्या म्हणाल्या. "म्या म्हटलं, तिथं बसाले गादी तरी आहे काय? उभ्यानं बस्ता होते काय कुठी? माह्या लग्नाचा बस्ता इथलाच, या सुनेचाही इथलाच."

रशीदभाई ओशाळून म्हणाले, "माफ करा मावशी, तुमच्यासाठी घंटा नाही वाजली. घंटाच नाही राहिली आता."

"मले ठाव हाय न. आमच्याच देवळात हाय ते. रोज आयकतो."

नवरी सुरुवातीला फुगूनच बसली होती. हळूहळू साड्या उलगडत गेल्या तशी खुलली. चिऊ गादीच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून झोपून गेली होती. मला बरं वाटत होतं, अगदी खरं सांगते. वाटलं, जाताजाता एक बस्ता तरी या गादीवर झाला.

आणि लाइट गेली. तेव्हा लोडशेडिंग रोजचंच होतं. पंखा थांबला. वरच्या मजल्याच्या खिडक्या कपाटांनी झाकलेल्या, त्यामुळे भर दुपारी अंधार. रशीदभाईंनी इमर्जन्सी लाइट लावून गादीवर ठेवला. पंख्याचा आवाज गेल्यावर कळलं की दुसराही एक आवाज आहे. कर्र... मग शांत. पुन्हा कर्र...

"उंदीर असतीन, भाभी," रशीदभाई म्हणाले. पण ते वर बघत होते.

नवरीच्या मांडीवर हिरवा शालू पसरला होता. त्यावर पिवळसर काहीतरी पडलं. मी हाताने झटकलं. भुसा होता, अगदी बारीक. पुन्हा पडला. मी पुन्हा झटकला. मनात आलं, साडी खराब होईल... तेवढंच आलं. घामाने पाठ भिजली होती आणि तरी अंगावर काटा आला होता. कशाने, ते कळत नव्हतं. सरूबाईंच्या सुनेने साडीचा पदर घट्ट धरून ठेवला होता.

आणि घंटा वाजली.

लांब कुठे नाही. आमच्या डोक्यावर, जिथे ती असायची तिथे. एक जोरात, मागोमाग एक हलकी. बाबांची खेच.

कुणी कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. रशीदभाई हातातली साडी टाकून उठले आणि जिन्याकडे निघाले. त्यांच्या मागे मी. मागून सरूबाईंचा आवाज आला, "उठा वं, दुसरी पार्टी आली. घ्याले जा लागते." घंटा झाली आणि आम्ही उतरलो, बस. एवढ्या वर्षांची सवय. घंटा आता इथे नाहीच, हा विचार मला अर्ध्या जिन्यात आला. तरी पाय थांबले नाहीत.

खाली आले तर दार सताड उघडं. बाहेर कडक ऊन. दारात कुणी नाही. शेजारचे कटलरीवाले त्यांच्या पायरीवर पेपरने वारा घेत बसले होते.

मी बाबांकडे वळले. ते माझ्याकडे बघत नव्हते. मान वर करून छताकडे बघत होते, जिथे भोक बुजवलं होतं तिथे. डोळे इतके मोठे केलेले की मला त्यांचीच भीती वाटली. आणि उशीवर त्यांचा उजवा हात नव्हता. तो छातीशी होता. मूठ आवळलेली.

त्याच क्षणी वर काहीतरी कोसळलं. सगळी इमारत हादरली. जिन्यातून धुळीचा लोट खाली आला आणि त्यातून सून आणि नवरी धडपडत, ओरडत बाहेर पडल्या.

मला तेव्हा आठवलं. चिऊ वर आहे.

मी काय ओरडले ते मला माहीत नाही. रशीदभाईंनी धरायला हात पुढे केला, तो झटकून मी जिन्यात शिरले. काही दिसत नव्हतं. नाकातोंडात धूळ, हाताला नुसती भिंत. चिऊ, चिऊ... उत्तर नाही. मी देवाला मानणारी नाही, पण त्या जिन्यात मी सगळ्या देवांची नावं घेतली. वळणावर माझा पाय कुणाला तरी लागला. सरूबाई. पायरीवर बसलेल्या, पदर तोंडावर घेतलेला. आणि त्या पदराखाली, त्यांच्या खांद्यावर, माझी चिऊ. गाढ झोपेत.

"अवं, तुमी सारे खालतं धावले न हे लेकरू वरतंच," त्या खोकत म्हणाल्या. "घंटा झाल्यावर वरतं कोणी राहू नये, तुमचा सासरा म्हणे न? म्हून घेतलं उचलून. गुडघ्यानं टाइम लागला मले."

मी तिथेच त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडले.

माळा आला होता खाली. सगळाच्या सगळा. वाळवीने तुळया आतून पोखरलेल्या, त्यावर इतक्या वर्षांच्या न आलेल्या सीझनचं ओझं. गादी गठ्ठ्यांखाली दिसतच नव्हती. चिऊ झोपली होती तिथे एक तुळई आडवी पडली होती.

सगळे शांत झाल्यावर मी सरूबाईंना विचारलं, "मावशी, तुम्हीही ऐकली ना घंटा?"

"आयकली न. आमच्याच देवळातली. मी वळखत नाई काय?"

कटलरीवाल्यांनी मात्र कोसळल्याचा आवाज ऐकला, घंटा अजिबात नाही. आणि वलगावचं ते देऊळ दुपारी कुलूप लावून बंद असतं, हे नंतर सरूबाईंच्या सुनेनेच चौकशी करून कळवलं.

बाबांना पाणी पाजायला मी बसले. मूठ अजून आवळलेलीच. एकेक बोट सोडवावं लागलं. तळहातावर लालभडक वळ होता, आडवा, कातडी सोललेली. काथ्याचा दोर घाईने ओढल्यावर उठतो तसा. आधीच्या काळात बाबांच्या हाताला असा वळ मी कितीदा पाहिला होता, लग्नसराईत मी त्यावर तूप लावून द्यायची. मी विचारलं, "बाबा, तुम्ही वाजवली?" त्यांनी डाव्या हाताने चिऊच्या डोक्यावरची धूळ झटकली. झटकतच राहिले. तो उजवा हात पुन्हा कधी मिटला नाही, आणि दिवाळीच्या आत बाबा गेले.

आमचे हे म्हणतात, माळा करकरला तो आवाज तुम्हाला घंटेसारखा वाटला असेल. बाबांनी दचकून लोडाची दोरी धरली असेल. आमच्या लोडांना दोऱ्या नव्हत्या, हे त्यांनाही माहीत आहे. म्हणून ते असं एकदाच म्हणाले. माझ्या वडिलांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चिऊ बरी आहे ना? मग झालं."

दुकान गेलं. आता तिथे मोबाइलच्या ॲक्सेसरीज मिळतात. यंदा चिऊचं लग्न ठरलं आणि तिच्या साड्या घ्यायला आम्ही त्याच मॉलमध्ये गेलो. वरच्या मजल्यावर, एसीत, उभ्या उभ्या. सेल्सगर्ल साडी दाखवत होती आणि खाली काचेच्या दारातून एक कुटुंब आत शिरताना मला दिसलं. मधोमध नवरी, सोबत बायका, कुठे जायचं ते न कळून उभ्या राहिलेल्या.

चिऊनेच हातातली साडी ठेवली. म्हणाली, "आई, चल ना. घ्यायला जाऊ."

आम्ही दोघी सरकत्या जिन्याने खाली गेलो. माझ्या पर्समध्ये हळदीकुंकवाची डबी असते, त्या दिवसापासून कायम. नवरीच्या आईला मी कुंकू लावलं. ती बिचारी गोंधळली. बाकीच्यांकडे बघत म्हणाली, "तुमी इथल्याच काय जी? ओळखलं नाई मी."

काय सांगणार होते मी त्यांना? जे मलाच अजून कळलेलं नाही...

"दुकानाची पद्धत आहे," म्हणाले, आणि त्यांना वर घेऊन गेले.