नानांच्या परीक्षानळ्या

धुळ्यातला एक वटवृक्ष उन्मळून पडला. निदान शोकसभेत तीन वक्त्यांनी तसं सांगितलं आणि मागच्या फ्लेक्सवरही तेच छापलं होतं. नानांचं वजन शेवटी बेचाळीस किलो होतं आणि वड त्यांनी जन्मात कधी लावला नाही. त्यांनी लावला तो मनी प्लांट, ज्याला आधाराशिवाय उभंही राहता येत नाही. धुळ्याच्या शाळेत नाना प्रयोगशाळेत परिचर होते, मी ग्रंथपाल. एकोणीस वर्षं आम्ही शेजारशेजारच्या खोल्यांत काढली. निवृत्तीनंतर मी जळगावला आलो. वहिनींनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, फोनवर एकच वाक्य सांगितलं, "सर, तुमचे नाना गेले."

काठाचा टवका गेलेली परीक्षानळी प्रयोगशाळेत फेकून देतात. नाना ती घरी नेत, तारेनं ओट्याच्या लोखंडी जाळीला बांधत, पाणी भरत आणि तिच्यात मनी प्लांटची फांदी सोडत. मूळ वेल त्याच जाळीवर होती, इतकी दाट की आत बसलेला माणूस रस्त्यावरून दिसत नसे. प्रत्येक नळीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर ती ज्याला द्यायची त्याचं नाव. मुळ्या दोन बोटं झाल्याशिवाय नळी कुणालाही मिळत नसे. कुणी घाई केली, "द्या ना नाना, एक फांदी तोडून, आम्ही लावू," की नाना म्हणत, "तुम्ही मारशात. थांबा तीन हप्ते." संस्थेच्या दुसऱ्या शाळेत कुणाची बदली झाली, की शाळा त्याला शाल-नारळ देई आणि तीन हप्त्यांनी नाना एसटीनं नळी घेऊन पोचत. शर्टाच्या खिशात, पेनाच्या जागी. एकदा धरणगावच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं होतं म्हणे, "नाना, हिचं हाफ काढू का?" नाना हा किस्सा सांगत तेव्हा शेवटी न चुकता म्हणत, "काढतो तं काढ. जीव शे तिले."

मला त्यांनी एकदा सगळं समजावून सांगितलं होतं. वाचनालयात येऊन, माझ्या उघड्या पुस्तकावर फांदी ठेवून, तिच्या पेरावर नख टेकवून. "दखा सर, पान कोनी बी तोडस. गाठ दखनी पडस. हाई गाठ. आठून मूळ फुटस, आठूनच कोंब. पान ते नुस्तं शोभानं शे." मी मान हलवली, फांदी उचलून त्यांच्या हातात दिली आणि पान उलटलं. माझ्या नावाची नळी त्यांनी पाच-सहा वेळा तरी तयार केली असेल. मी दर वेळी काहीतरी कारण सांगितलं. पुस्तकांना ओल लागते, घरात उजेड नाही, प्रवास लांबचा. खरं कारण एवढंच, की शिकल्यासवरल्या माणसानं काचेच्या नळीतून वेल घेऊन जाण्यात मला जरा हसू यायचं. "इतलं वाचतस तुम्ही सर, अन् एक फांदीले घाबरतस?" असं म्हणून ते ती नळी दुसऱ्या कुणाच्या नावावर करत. थंडीत मी शेवटचा भेटलो तेव्हा ते खाटेवर होते. बोलण्यानं दम लागत होता, म्हणून त्यांनी बोटानंच दाखवलं. जाळीला एक नळी, तिच्यावर माझं नाव. "यंदा तरी न्या." माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. म्हणालो, "पुढच्या खेपेला नक्की, नाना."

पुढची खेप म्हणजे शोकसभा. ती त्यांच्याच ओट्यावर होती आणि मी पोचलो तेव्हा जाळीवर वेल नव्हती. फ्लेक्स बांधायला मंडपवाल्यांनी ती ओढून काढली होती. फाटकाशी, उन्हात, तिचा ढीग पडला होता. नळ्या एका बादलीत, कोरड्या. "फोटो दिसत नव्हता म्हणे," वहिनी हळूच म्हणाल्या. "मी काय बोलणार सर... सगळं त्यांच्यासाठीच चाललं होतं." आत दुसरे वक्ते वटवृक्षाच्या सावलीवर आले होते. मी ढिगाशी वाकलो. सगळं मलूल झालं होतं. त्यातल्या त्यात हिरवंगार, तळहाताएवढं एक पान निवडून देठासकट तोडलं आणि ओल्या रुमालात गुंडाळून जळगावला आणलं.

बाटलीत ठेवलं. रोज बघायचो. तिसऱ्या आठवड्यात देठाच्या टोकाला पांढरे दोरे दिसले. या वयात आपण इतके हरखून जाऊ, असं वाटलं नव्हतं. लगेच फोन लावला. "वहिनी, नानांच्या वेलीला मुळ्या फुटल्या!"

"काय सांगता सर!" मग त्यांनी विचारलं, "गाठ शे ना पण तिले?"

मी बाटली उजेडात नेली. देठ खालपर्यंत गुळगुळीत होता.

"नाही."

"मग ते पान तसंच राहील. मुळ्या येतील, पण वेल नाही व्हायची. त्यांनी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

त्या वेलीचं कुठेतरी काहीतरी वाढत असायला हवं, एवढंच मला हवं होतं. फैजपूरला आमचे जुने गणिताचे चौधरी सर राहतात. त्यांना नळी मिळाली होती. गेलो. त्यांची खिडकी वेलीनं भरली होती. गाठ शोधून कात्री लावणार, तोच चौधरी सर म्हणाले, "थांबा सर. तुमच्याशी कशाला खोटं बोलू... नानांची आठच दिवसांत मेली. ही नर्सरीतली आहे."

"आणि नाना?"

"दर दिवाळीला फोनवर विचारायचे. एकदा बघायलाही आले. या वेलीवरून हात फिरवला, अन् म्हणे, 'बघा, मी म्हनत नव्हतो? गाठ चांगली होती.'"

मी तरीही फांदी कापली, गाठीच्या खाली बोटभर सोडून. आता माझ्या खिडकीत दोन बाटल्या आहेत. दोन्हींतलं पाणी मी दर रविवारी बदलतो. नर्सरीतल्या फांदीला परवा नवं पान आलं. नानांच्या पानाच्या मुळ्या बाटलीच्या तळाला टेकल्यात. पान एकच आहे.